डबा तुमच्या घरात, ताबा कुणाकडे?

इंटरनेटच्या डब्यावरून वाद घडवून आणायचा असेल तर दोन माणसं पुरतात. एक तो डबा बसवणारा आणि दुसरी, त्या डब्यातून काय काय आत शिरू शकतं हे बघण्याचा पगार घेणारी. पहिले मोशी-चिखली भागात इंटरनेटची लाइन देतात. पूर्वी घरोघरी टीव्हीची केबल ओढायचे, आता त्याच खांबांवरून फायबर ओढतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. दुसऱ्या चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नेटवर्कची सुरक्षा सांभाळतात. त्यांच्या घरीही दादांचीच लाइन आहे, त्यामुळे दादांच्या त्या ताई. दोघंही निवांत सापडले ते गुरुवारी, म्हणजे भोसरी एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, एका बंद शेडच्या ऑफिसात. विषय मी काढला. पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही.

दादा: मला आधी एक सांगा ताई. आमच्या गिऱ्हाइकाच्या घरात चोरण्यासारखं आहे काय? पोरं रील बघतात, आजोबा कीर्तन ऐकतात. हॅकर काय कीर्तन चोरून नेणार आहे?

ताई: त्याला कीर्तन नकोय दादा, त्याला लाइन हवीय. 2016 चं मिराई आठवा. त्या प्रोग्रामकडे काय होतं? कारखान्यातून येणाऱ्या साठेक नावा-पासवर्डांची यादी. नेटवर दिसेल त्या कॅमेऱ्याला, दिसेल त्या राउटरला ती यादी लावून बघायची. उघडला, की तो डबा आपल्या फौजेत. लिहिणारी पोरं कॉलेजच्या वयाची, माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरच्या धंद्यातली. सप्टेंबरअखेर त्यांनी सगळा कोड जाहीर केला, मग तो कुणीही वापरू लागलं. 21 ऑक्टोबरला अशाच फौजेनं वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन नावाच्या अमेरिकी कंपनीवर धाड घातली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळत राहिले.

दादा: नेटफ्लिक्स अडखळलं तर मोशीतल्या माणसाचं काय गेलं?

ताई: त्याचा आयपी पत्ता गेला. मे 2025 मध्ये एफबीआयनं सावध केलं ते यासाठीच. कंपनीनं अपडेट देणं बंद केलेले जुने राउटर हेरायचे, त्यात घुसायचं आणि त्या घरांच्या लाइन भाड्यानं द्यायच्या. एनीप्रॉक्सी आणि फाइव्हसॉक्स अशा दोन वेबसाइटवर हे भाडं उघड चालत होतं. भाडेकरू कुठल्या देशात बसून कुणाला गंडा घालतो देव जाणे, तपासात पत्ता निघतो तो त्या घराचा. आता तुम्हीच सांगा, पोलिसांचं पत्र कुणाला येतं?

दादा: (जरा थांबून) मला येतं. अमुक तारखेला अमुक वाजता हा आयपी कुणाकडे होता ते कळवा. नोंदी ठेवाव्याच लागतात. मग त्या घरी विचारपूस होते, आणि गल्लीत सगळ्यांना वाटतं नाव मीच लावलं.

दादांचा सूर इथं थोडा उतरला. ‘आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे’ हा मुद्दा त्यानंतर त्यांनी काढला नाही. पण माघार घेतली म्हणावं तर तेही नाही. त्यांनी मोर्चा फिरवला.

दादा: बरं, घुसतात. पण घुसतात कशातून? तो डबा मी बनवलाय का?

ताईंनी टेबलावरचा ओएनटी उचलला, म्हणजे भिंतीतून आलेली फायबर ज्यात जाते तो पांढरा डबा, आणि वाचकांसाठी मला समजावून सांगितलं. आत एक छोटा संगणकच असतो. फ्लॅश मेमरी कितीदा तर जेमतेम 8 किंवा 16 एमबी, तीत दाबून बसवलेलं लिनक्स, आणि ब्राउझरमधून सेटिंग बदलायचं ते पान दाखवणारा एक लहानसा सर्व्हर. या सगळ्याला मिळून फर्मवेअर म्हणतात. ते एका हातानं बनत नाही, खरी गोम तिथं आहे. चिप बनवणारा आपला कोड देतो. डबा जोडणारा त्यावर स्वतःचा चढवतो. ब्रँडवाला फक्त लोगो बदलतो. लाइनवाला शंभर-दोनशे डबे उचलतो आणि घरोघरी लावतो. चिपवाल्याच्या कोडमधली एक चूक या वाटेनं डझनावारी ब्रँडांत उतरते. 2021 मध्ये रिअलटेक कंपनीच्या कोडमध्ये असे दोष सापडले, तेव्हा निदान 65 उत्पादकांचा माल त्यांच्या कक्षेत आला.

ताई: आणि चूक दुरुस्त झाली म्हणजे घरातला डबा दुरुस्त झाला असं नाही. रॉमपेजर म्हणून असा एक छोटा सर्व्हर होता, अलेग्रो कंपनीचा. त्यातला मोठा दोष कंपनीनं 2005 मध्येच काढला होता. नऊ वर्षांनी, डिसेंबर 2014 मध्ये, चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी शोध घेतला तर 189 देशांतल्या 1 कोटी 20 लाख डब्यांत तोच जुना दोष जिवंत! औषध तयार होतं, पण रोग्यापर्यंत कुणी नेलंच नाही.

दादा: म्हणजे चूक चिपवाल्याची, नाहीतर डबेवाल्याची. मग बोट माझ्याकडे का?

ताई: सगळ्या चुका अशा नकळत होत नाहीत. 2013 मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या राउटरांत क्रेग हेफनर नावाच्या संशोधकाला एक अगम्य अक्षरओळ सापडली. ब्राउझरनं आपली ओळख म्हणून ती ओळ पाठवली, की पासवर्ड न विचारता डबा उघडायचा. उलटी वाचली तर तीत चक्क ‘जोएल’ आणि ‘बॅकडोअर’ हे शब्द होते. कुणा प्रोग्रामरनं सोयीसाठी ठेवलेली चोरवाट. ती तशीच बाजारात गेली.

दादा: हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडच्या डब्यांचं बोला.

ताई: बोलते ना. मुंबईत माटुंग्याला व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथं डॉ. फारूक काझींची एक सायबर सुरक्षा प्रयोगशाळा आहे. तिथली मंडळी आपल्याकडे घरोघरी लागणारे डबे उघडून तपासतात. 2024 मध्ये त्यांनी डिजिसॉल आणि सायरोटेकच्या फायबर राउटरांतले दोष कळवले आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं ते जाहीर केले. एकट्या सायरोटेकच्या एका मॉडेलवर नऊ नोंदी! पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेले, साध्या अक्षरांतच पाठवलेले, आणि आतल्या सर्किटवर सिरियलची जोडणी केली की थेट मुख्य ताबा हातात.

दादा: थांबा, थांबा. सिरियलची जोडणी करायला घरात शिरून, डबा खोलून, वायर लावाव्या लागतात. जो चोर घरात शिरला तो सोनं बघेल की माझा ओएनटी उघडत बसेल?

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. सुरक्षेवर बोलणारे लोक सगळे दोष एकाच आवाजात ओरडून सांगतात. घरबसल्या जगातून कुणालाही वापरता येणारा दोष आणि स्क्रू काढल्याशिवाय हात न लागणारा दोष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताईंनीही तो मान्य केला, पण अर्धाच.

ताई: तुमच्या घरातला डबा कोण उघडणार, खरंय. पण तो जुना झाला की जातो कुठे? भंगारात. कुदळवाडीची भंगाराची गोदामं पालिकेनं 2025 च्या फेब्रुवारीत पाडली, म्हणून भंगाराचा धंदा काही संपला नाही. त्यातून कुणीही एक डबा उचलावा, निवांत बसून खोलावा. आतल्या फाइलीत जो कारखान्याचा पासवर्ड सापडेल तो त्या मॉडेलच्या सगळ्याच डब्यांचा असला तर? एक भंगारातला, बाकीचे भिंतीवरचे. शिवाय ज्याच्या घरातून तो निघाला त्याच्या वायफायचा पासवर्ड आणि तुमच्या लाइनचं लॉगिनही आतच. तुम्ही परत घेतलेले डबे रिसेट मारून देता का?

दादा: पोरांना सांगितलेलं आहे. (मग हसून) सांगितलेलं आहे, एवढंच म्हणतो.

मग गाडी 2017 वर आली. त्या जुलैत बीएसएनएलचे मॉडेम देशभर बंद पडू लागले होते. बातम्यांत आकडा साठ हजारांच्या घरात होता. ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्राम मॉडेममध्ये शिरून आतली मेमरी पुसून टाकत होता. तो लिहिणारा स्वतःला ‘जॅनिटर’, म्हणजे झाडूवाला म्हणवायचा. असुरक्षित डबे मिराईच्या हाती लागण्याआधी आपणच मारून टाकलेले बरे, असा त्याचा अजब न्याय होता. कित्येक मॉडेमचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ तो ‘अ‍ॅडमिन’च होता, आणि कंपनीनं नंतर ग्राहकांना तो बदलायचं आवाहन केलं.

दादा: बघा, म्हणजे चूक ग्राहकाचीच निघाली. मी प्रत्येकाला सांगतो, पासवर्ड बदला. कुणी बदलत नाही. वायफायचा बदलतात, तोही शेजारी फुकट वापरायला लागला की.

ताई: ग्राहकाला काय माहीत की पासवर्ड दोन असतात? एक वायफायला जोडायचा आणि एक डब्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा. दुसरा तुम्ही त्याला सांगताच कुठे? माझ्या घरचा मी मागितला तर तुमचा पोरगा म्हणाला, मॅडम तो ऑफिसचा असतो.

दादा: असतोच! एकदा दिला, की रात्री अकराला फोन: दादा नेट गेलं, मी काही केलं नाही. यांनी सेटिंगचं वाटोळं करायचं आणि माझ्या पोरानं गाडी काढून जायचं.

ताई: मग ताबा तुमच्याकडे आणि चूक ग्राहकाची, हे कसं? दुरून डबा सांभाळायची सोय तुम्हीच चालू ठेवता, टीआर-069 ची. तिचा 7547 नंबरचा पोर्ट सगळ्या जगाला उघडा राहिला तर काय होतं ते जर्मनीनं नोव्हेंबर 2016 मध्ये बघितलं. डॉइश टेलिकॉमचे सुमारे नऊ लाख राउटर एका रविवारी आडवे झाले. त्यात घरातल्या माणसानं काय चुकीचं केलं होतं?

दादांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. तो पोर्ट फक्त आपल्या सर्व्हरलाच दिसेल अशी व्यवस्था करता येते, हे त्यांना माहीत आहे. वरच्या कंपनीकडून ती करून घ्यायला हवी, असं त्यांनीच नंतर सांगितलं. पण अपडेटचं नाव निघताच ते पुन्हा तावात आले.

दादा: तुम्ही म्हणता फर्मवेअर टाका. अहो, टाकताना लाइट गेली की डबा मेला. आमच्याकडे लाइट कधी जाते हे महावितरणलाही सांगता यायचं नाही. रात्री दोनला दोनशे डब्यांना अपडेट सोडला आणि वीस मेले, तर सकाळी वीस घरांत ‘वर्क फ्रॉम होम’वाले बोंब मारणार. नवा डबा कुणाच्या खिशातून? चालतंय ते चालू द्यावं, हा माझा नियम.

ताई: दोन प्रती ठेवणारे डबे मिळतात. नवं फर्मवेअर दुसऱ्या कप्प्यात उतरतं, ते उठलं नाही तर डबा जुन्यावर परत येतो. घेताना ते विचारून घ्यायचं. आणि दोनशे डब्यांवर एकदम कशाला? आधी पाच, मग वीस. शॉपफ्लोअरवर नवा प्रोग्राम आम्ही सगळ्या मशिनींवर एका रात्रीत चढवतो का?

दादा: तुमच्या कंपनीला ते परवडतं.

ताई: न करणं आम्हाला परवडत नाही. तुमची लाइन काय फक्त रील बघणाऱ्यांकडे जाते का? याच शेडमध्ये बघा. दोन व्हीएमसी मशिनं, एक सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हिशेबाचा कॉम्प्युटर आणि मालकांचा मोबाइल, सगळे एकाच घरगुती राउटरवर. याच कॉम्प्युटरवरून ते कंपनीच्या पोर्टलवर शेड्यूल बघतात, चलन पाठवतात.

मग त्यांनी टोयोटाची गोष्ट सांगितली. मला वाटतं, चाकणच्या प्रत्येक व्हेंडर मीटिंगमध्ये ती सांगायला हवी. 1 मार्च 2022 ला टोयोटानं जपानमधले आपले 14 कारखाने, म्हणजे 28 लाइन, एक दिवस बंद ठेवल्या. सुमारे 13 हजार गाड्या त्या दिवशी बनल्या नाहीत. टोयोटावर हल्ला झाला नव्हता. झाला होता प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीजवर. आणि कोजिमानं नंतर सांगितलं त्याप्रमाणे चोर शिरले ते तिच्याही एका उपकंपनीतून. एका ठरावीक बाहेरच्या कंपनीशी दुरून जोडण्यासाठी तिथं एक उपकरण बसवलेलं होतं, त्यातल्या दोषातून. भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे इथं जॉब-वर्क करणारी शेकडो शेडं कुठल्या ना कुठल्या मोठ्या लाइनला अशीच जोडलेली आहेत. माल वेळेवर न गेल्यानं लाइन थांबली तर डेबिट नोट कुणाच्या नावानं फाटते, हे इथल्या लघुउद्योजकाला वेगळं सांगायला नको.

दादा: मोठ्यांचं कौतुक मला सांगू नका. आपल्या स्मार्ट सिटीचं काय झालं? 2021 च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या 27 सर्व्हरना रॅन्समवेअर लागला, निगडी पोलीस ठाण्यात तक्रार झाली, नुकसान पाच कोटींचं म्हणाले. तिथं कोट्यवधींचा ठेका, मोठी कंपनी, शिकलेली माणसं. आणि तुम्ही मला, दोन पोरांवर धंदा चालवणाऱ्याला शिकवता.

त्या हल्ल्याचा घरगुती राउटरशी संबंध नव्हता, हे ताईंनी नोंदवलं. पण दादांचा बाण बरोबर लागला होता. मोठ्या संस्थेला जे जमत नाही ते छोट्या माणसाकडून मागायचं, तर त्याला निदान हत्यारं तरी द्यावीत.

मी विचारलं, मग घरच्या माणसानं आज काय करावं? यावर मात्र दोघांचं आश्चर्यकारक एकमत झालं. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलून घ्यावा. बाहेरून सेटिंग उघडायची सोय बंद करावी. डब्यावर बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोयही बंद करावी, कारण तिचा आठ आकडी पिन फोडायला प्रत्यक्षात अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे 2011 पासून जाहीर आहे. कॅमेरा आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाकावेत. डबा बंद करून चालू करण्याबद्दल मात्र ताईंनी सावध केलं. मिराईसारखे प्रोग्राम मेमरीत राहतात, ते लाइट गेली की जातात, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येतात. 2018 मध्ये 54 देशांतल्या निदान पाच लाख उपकरणांत शिरलेल्या व्हीपीएनफिल्टरचा तर पहिला टप्पा डबा बंद-चालू करूनही जात नव्हता. ज्याला हौस आणि थोडी समज आहे त्यानं ओएनटीच्या मागे स्वतःचा राउटर लावावा, ज्याला नियमित अपडेट येतात असा. ताईंच्या घरी ओपनडब्ल्यूआरटी आहे, लोकांनी मिळून 2004 पासून चालवलेलं खुलं फर्मवेअर. पण त्याचाही त्या देव्हारा करत नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्याच अपडेट तयार करणाऱ्या सर्व्हरमध्ये गंभीर दोष सापडला होता. फरक इतकाच की तो कळल्यावर नऊ वर्षं गेली नाहीत, दुरुस्ती चटकन झाली.

कायद्यावर वाद पुन्हा पेटला, पण तो मी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड देऊन विकणं बेकायदा आहे, आणि सुरक्षेचे अपडेट निदान कधीपर्यंत मिळतील हे विकणाऱ्याला जाहीर करावं लागतं. आपल्याकडे 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. राउटरसाठीही दूरसंचार विभागाच्या बंगळूरूच्या केंद्रानं निकष लिहिले आहेत. ताईंचा त्यांवर भरवसा आहे. दादा म्हणतात, कागद नव्या मालाला लागेल, भिंतीवर लागलेल्या जुन्या डब्यांचं काय? ते बदलायचा खर्च कुणी उचलायचा हे कुठल्याच कागदात नाही.

माझं मत विचाराल तर धोक्याच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूनं आहे आणि दोषाच्या बाबतीत निम्मा दादांच्या. सेटिंगचा पासवर्ड ज्याला दिलेलाच नाही त्या घरमालकाला ‘तुम्ही काळजी घ्या’ असं सांगणं ही फसवणूक आहे. ताबा ज्याच्याकडे, अपडेटचं काम त्याचं. तो दादांसारखा छोटा असेल, तर त्याला डबे आणि लाइन देणाऱ्या वरच्या कंपनीचं. एकेकाळी पेनिसिलीन बनवणाऱ्या पिंपरीला एक्स्पायरी डेट म्हणजे काय ते शिकवायला नको. औषधाच्या बाटलीवर असते तशी राउटरच्या खोक्यावर ‘अपडेट अमुक सालापर्यंत’ ही ओळ छापणं बंधनकारक व्हायला हवं. ती तारीख उलटली की डबा बदलून देणं पुरवठादाराच्या माथी असावं, महिन्याच्या बिलात पाच-दहा रुपये वाढले तरी चालतील.

तोवर एक करा. तुमच्या डब्याच्या पाठीवर मॉडेल नंबर आहे, तो लिहून घ्या. ज्यानं तो बसवला त्याला विचारा: यातलं फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे, पुढचं कोण टाकणार आणि ते कधीपर्यंत मिळणार? उत्तर तोंडी घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा.